'टू बिल्ड अ फायर': शेवट आधीच कळतो, तरी धडधड का होते?

ऐरोलीची ताई
नमस्कार. आमच्या सोसायटीत अकरावी-बारावीच्या मुलांसाठी वाचनकट्टा चालवते. मागच्या रविवारी अमेरिकन लेखक जॅक लंडनची 'टू बिल्ड अ फायर' ही कथा वाचली. कॅनडाच्या वायव्येकडच्या युकॉनमधली जीवघेणी थंडी, एकटा माणूस, सोबत कुत्रा आणि शेकोटी पेटवायची धडपड. पूर्वसूचना, संघर्ष, वातावरणनिर्मिती हे शब्द मुलांना पाठ आहेत. पण एका मुलीनं विचारलं, "ताई, हा मरणार हे सुरुवातीलाच कळतं, मग शेवटपर्यंत धडधड का होते?" पुढचा तास याच प्रश्नावर घ्यायचाय. शिवाय ऐरोलीच्या घामात बसलेल्या मुलांपर्यंत ती थंडी पोचवायची कशी?

नौपाड्याचे मास्तर
ताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. काय होणार हे आपल्याला कळलेलंच असतं, त्याला कधी कळणार याची आपण वाट बघतो. या माणसाकडे कल्पनाशक्ती नाही, हे निवेदक सुरुवातीलाच सांगून टाकतो. तो थुंकतो, तर थुंकी बर्फावर पडायच्या आत हवेतच तडकते. उणे पन्नासला ती बर्फावर तडकते हे त्याला माहीत आहे, म्हणजे आज पारा त्याच्याही खाली. किती खाली, ते त्याला ठाऊक नाही. निवेदक आपल्याला सांगतो: उणे ७५ फॅरेनहाइट, म्हणजे जवळपास उणे ५९ सेल्सिअस. कुत्र्याकडे थर्मामीटर नाही, पण या थंडीत बाहेर पडू नये हे त्याला उपजतच कळतं. आपण आणि कुत्रा एकीकडे, माणूस एकटा दुसरीकडे. उपरोध म्हणतात तो हाच, आणि धडधडही त्यातूनच होते.

आता शेकोटी विझते तो परिच्छेद घ्या, हा तर मुलांकडून ओळीओळीनं वाचून घ्या. माणूस पाण्यात पाय भिजवून बसलाय, स्प्रूसच्या झाडाखाली जाळ धरलाय. एकट्यानं प्रवास करू नको असं सांगणारा म्हातारा त्याला आठवतो आणि त्या सल्ल्याचं त्याला हसू येतं. पादत्राणांचे गोठलेले बंद कापायला तो सुरी काढतो, आणि लंडन लिहितो, तेवढ्यात ते घडलं. काय घडलं? ते लगेच सांगत नाही! आधी चूक सांगतो: झाडाखाली जाळ करायला नको होता. मग फांद्यांवरचा बर्फाचा भार, मग काटक्या ओढताना झाडाला बसणारे बारीक हिसके. वरच्या एका फांदीवरचा बर्फ खालच्या फांदीवर, तिथून आणखी खाली, असं करत सगळा ढीग जाळावर. एवढा वेळ आपण श्वास धरून बसलेले. कारण उलगडत असताना ताण वाढत जातो, हे फार थोड्या लेखकांना जमतं.

थंडीचं म्हणाल, तर मुलांना बर्फ डोळ्यांसमोर आणायला सांगू नका. बोटांकडे बघायला सांगा. बोटांना काडी धरवत नाही, म्हणून तो तळहातांच्या बुंध्यांत अख्खा जुडगा धरून सत्तर काड्या एकदम पेटवतो. मांस जळल्याचा वास येतो, तेव्हा कुठे आत खोल काहीतरी जाणवतं. मुलांच्या दोन्ही हातांवर जाड मोजे चढवा आणि काडेपेटीतून एकच काडी काढायला सांगा (पेटवायची अर्थातच नाही).

पारसिकच्या पायथ्याशी
मास्तरांच्या म्हणण्याला एक जोड. लंडननं ही कथा दोनदा लिहिलीय. १९०२ ची मुलांच्या मासिकासाठी होती. त्यात नायकाला टॉम व्हिन्सेंट असं नाव आहे, कुत्रा नाही, आणि तो धडा घेऊन जिवंत परततो. १९०८ मध्ये नाव गेलं, कुत्रा आला, माणूस मेला. दोन्ही शेजारी ठेवल्या की कुत्र्यानं काय काम केलंय ते न सांगता दिसतं. माझ्या मते कुत्रा म्हणजे निसर्गाचं प्रतीक.

नौपाड्याचे मास्तर
दोन आवृत्त्यांची जोड उत्तम. प्रतीकाची मात्र घाई नको. हात ऊबवायला माणूस त्याला मारायला निघतो, तेव्हा आवाजातला बदल ओळखून दूर सरकतो तो खराखुरा, भ्यालेला कुत्रा आहे. त्याला लगेच प्रतीक करून टाकलं, तर तो प्रसंगच बोथट होतो. आधी कुत्रा म्हणून वाचू द्या.

ऐरोलीची ताई
मोजे आणि काडेपेटी नक्की. तास सुरूच 'तेवढ्यात ते घडलं' या वाक्यापासून करते. १९०२ ची कथा कुठे मिळेल?

पारसिकच्या पायथ्याशी
लंडन १९१६ मध्ये गेला, त्यामुळे दोन्ही प्रताधिकारमुक्त आहेत. नावासोबत साल टाकून नेटवर शोधा. टॉम व्हिन्सेंट दिसला की तीच १९०२ ची.