तीन गिटारी कशाला? गोव्यातल्या मेडनवाल्यांचे अनुभव

म्हापशाहून (धागा सुरू करताना)

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडमध्ये १९९९ पासून तीन गिटारवादक आहेत: डेव्ह मरी, एड्रियन स्मिथ आणि जॅनिक गर्स. १९९० मध्ये स्मिथ बाहेर पडला, त्याच्या जागी गर्स आला. नऊ वर्षांनी गायक ब्रूस डिकिन्सनबरोबर स्मिथ परत आला, तेव्हा गर्सला कोणी घरी पाठवलं नाही. झाले तीन! यावरून आमच्या म्हापशाच्या कंपूत दर पावसाळ्यात भांडण ठरलेलं. एक बाजू म्हणते, दोघांत छान भागत होतं, तिसरा नुसता नाचायला ठेवलाय. दुसरी बाजू म्हणते, तुम्ही त्यांना मैदानात उभं राहून ऐकलंच नाही.

म्हणून हे आमंत्रण. बेंगळुरू २००७, मुंबई २००८, बेंगळुरू २००९, यांपैकी कुठे गेला असाल किंवा त्यांची गाणी बीट शोत (आपल्याकडचे उघड्यावरचे बँडचे कार्यक्रम), लग्नात स्वतः वाजवत असाल, तर लिहा. कोणता अल्बम श्रेष्ठ याच्या याद्या मात्र नकोत, त्या सगळ्यांच्या पाठ आहेत. समोर उभं राहून काय ऐकू आलं, ते हवं.

फोंड्याहून

मीच सुरुवात करतो. १७ मार्च २००७, बेंगळुरूचं पॅलेस ग्राउंड्स, मेडनचा भारतातला पहिला कार्यक्रम. आम्ही मित्रमंडळी रात्रीच्या बसने निघालो, झाडून सगळे काळ्या टी-शर्टात. क्लीनरने हळूच विचारलं, "कोण गेलं?" त्याला वाटलं, ख्रिस्तांवांच्या घरचं मयत आहे.

आधी दिल्लीचे परिक्रमा बँडवाले वाजवून गेले. (त्याच वर्षी ते इंग्लंडच्या डाउनलोड फेस्टिव्हललाही वाजवून आले.) मग मेडनचा बासवाला स्टीव्ह हॅरिस, त्याची मुलगी लॉरेन हिचा बँड. मेडन स्टेजवर येईपर्यंत घसा बसलेला होता.

कॅसेटवर मला मरी आणि स्मिथ वेगळे ओळखू यायचे नाहीत. दोन्ही गिटारी एकाच माणसाने वाजवल्यासारख्या वाटत. तिथे पहिल्या दोन-तीन गाण्यांतच फरक कळायला लागला. मरी सोलो (एकट्याने वाजवायचा तुकडा) घेतो तेव्हा उजवा हात जेमतेम हलतो. डाव्या हाताची बोटंच तारेवर आपटतात, ओढतात, आणि स्वर एकमेकांत वितळून येतात. चेहऱ्यावर कायम हसू, जणू दुसरंच कोणीतरी वाजवतंय आणि हा ऐकतोय. स्मिथचं उलट. त्याचा सोलो बांधलेला असतो. सुरुवात आहे, चढ आहे, मग एक ओळ अशी की बाहेर पडताना लोक तीच गुणगुणत होते. दोघे शाळकरी वयापासूनचे दोस्त, पहिला बँड दोघांनी मिळूनच काढला होता. तरी हात इतके वेगळे.

गर्सबद्दल नंतर लिहितो. त्याच्यावरून भांडण होणारच आहे, आधी सगळ्यांना बोलू दे.

मडगावहून

मी लग्नात आणि चर्चच्या फेस्ताच्या बीट शोत गिटार वाजवतो. मेडन प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पण त्यांची गाणी बसवताना जे कळलं, ते मैदानात उभं राहूनही कळलं नसतं असं माझं मत आहे.

मेडनची ओळख म्हणजे दोन गिटारींनी एकच धून वेगळ्या सुरांवरून वाजवणं. आपल्या भाषेत सांगायचं तर आसावरी थाट धरा. पहिली गिटार सा वर असते तेव्हा दुसरी कोमल गंधारावर. पहिली रे वर गेली की दुसरी मध्यमावर, पहिली कोमल गंधारावर आली की दुसरी पंचमावर. प्रत्येक वेळी एक स्वर सोडून पुढचा. यात गंमत अशी की हे अंतर सारखं राहत नाही, कधी तीन अर्धस्वर, कधी चार. नवखा गिटारवाला सगळीकडे एकच अंतर धरून वाजवतो आणि भलत्याच थाटात जातो. खालचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) तर बहुतेक वेळा कोमल धैवत, कोमल निषाद आणि परत षड्ज. त्यांची निम्मी गाणी या तीन पायऱ्यांवर उभी आहेत म्हटलं तरी फार चूक नाही.

आता मुद्द्याचं. दोन्ही गिटारी धून वाजवायला वर गेल्या, की खाली उरतं कोण? फक्त बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. आमच्या बँडमध्ये तिथे सगळं पोकळ व्हायचं. कीबोर्डवाला भरून काढायला बघायचा आणि ते लगेच लग्नाचं गाणं वाटायचं. मेडनच्या १९८० च्या दशकातल्या रेकॉर्डवर ही पोकळी जाणवत नाही, कारण स्टीव्ह हॅरिसचा बास तिसऱ्या गिटारीसारखाच वाजतो. फेंडर प्रिसिजन जातीचा बास, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, तार छेडायची पिक नाही, नुसती बोटं आणि तारांचा तो खडखडाट. दोन गिटारींच्या बँडमध्ये बास असा नसता तर ही शैली टिकलीच नसती.

म्हणून तीन गिटारी. दोन वर जातात, तिसरी खाली ताल धरून बसते. मला यात वाद दिसतच नाही.

साखळीहून

मी मुंबईला होते. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, बांद्रा-कुर्ला संकुल. तेव्हा कॉलेजात होते. घरी सांगितलं, दादरला मावशीकडे जाते. ते खरंच होतं, पुढचं तेवढं सांगितलं नाही. कोकणकन्याच्या डब्यात थिवीपासूनच काळे टी-शर्ट दिसायला लागले. म्हटलं, चला, एकटी नाही.

ती त्यांच्या जगभरच्या दौऱ्याची पहिलीच रात्र. बँड, माणसं, सामान सगळं एका बोइंग ७५७ मध्ये भरून आणलेलं आणि वैमानिकाच्या जागेवर डिकिन्सन स्वतः. सुरुवातीला लावलेलं चर्चिलचं भाषण संपलं आणि तिन्ही गिटारी एकदम सुटल्या. पुढे या दौऱ्याच्या थेट ध्वनिमुद्रणाचा अल्बम निघाला, त्यातलं पहिलं गाणं त्या रात्रीचं मुंबईचं आहे. त्यातल्या आरडाओरड्यात कुठेतरी मी आहे, हे मी मुलांना पुन्हा पुन्हा ऐकवते.

त्या दौऱ्यात जुनी गाणीच जास्त होती. कोलरिजच्या नाविकाच्या कवितेवरचं ते तेरा मिनिटांहून मोठं गाणंही. त्याच्या मध्यावर सगळं थांबतं, जहाजाची लाकडं करकरतात, बास हळू चालू राहतो. मुंबईचं पब्लिक, तेही इतकं, गप्प! आणि मग गिटारी परत येतात. एक, मग दुसरी, मग सगळं.

मडगावच्या दादांना मी एवढंच सांगेन की काही गोष्टी मैदानातच कळतात. 'फिअर ऑफ द डार्क'ची गिटारची धून सुरू झाली, तेव्हा लोक शब्द नव्हे, गिटार गात होते. हजारो गळे, शब्द एकही नाही. मी आमच्याकडे नाट्यगीतांच्या मैफली ऐकत मोठी झाले. तिथे श्रोते दाद देतात, गाणाऱ्याबरोबर कोणी गात नाही. वाद्याची ओळ लोकांनी उचललेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

आणि हो, डिकिन्सन तांबडा कोट घालून युनियन जॅक फडकवतो, १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या लढाईच्या गाण्यात. शेजारचा एक मुलगा चिडला होता, भारतात येऊन हा झेंडा कसला दाखवतो म्हणून. मी त्याला म्हटलं, आम्ही गोव्याचे, आमचा हिशेब पोर्तुगिजांशी होता, तो १९६१ ला मिटला.

वास्कोहून

साउंडचं काम करतो, त्यामुळे माझं थोडं कडू लागेल.

तीन गिटारी रेकॉर्डवर छान. स्टुडिओत एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मध्ये ठेवता येते. उघड्या मैदानात लोक डाव्या-उजव्या स्पीकरच्या बरोबर मध्ये उभे नसतात. टोकाला असलेल्याला एकच बाजू ऐकू येते, म्हणून आम्ही सगळं थोडं मध्येच आणतो. मग तिन्ही गिटारी आणि वर तो खडखडणारा बास, सगळे आवाजाच्या एकाच पट्ट्यात येऊन बसतात. त्यात संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की वरचे सूर कुठल्या कुठे जातात. बीट शोमध्ये दोन गिटारींचाच चिखल होतो, ते मी दर मोसमाला पाहतो.

आणि गर्स. माणूस गिटार हवेत फेकतो, झेलतो, पाय स्पीकरवर टाकून ताण देतो, गिटार गळ्याभोवती फिरवतो. त्या वेळात तो किती वाजवतो? डोळे मिटून ऐका आणि सांगा.

मडगावहून

पात्रांव, डोळे मिटूनच सांगतो. साखळीच्या बाईंनी लिहिलंय ना, लोक गिटार गात होते? ते गाणं १९९२ चं. तेव्हा स्मिथ बँडमध्ये नव्हता, मरी आणि गर्स होते. म्हणजे जगभरची स्टेडियमं जी धून गातात, ती गर्सच्या काळातली. आज तीन गिटारींनी ती वाजते तेव्हा खालचा ताल न सोडता वरची जोडी पूर्ण मिळते. त्याने कितीही उड्या मारल्या तरी माझी हरकत नाही.

चिखलाचं तुझं बरोबर आहे. पण तिघांचा आवाज एकसारखा नाही. मरीकडे स्ट्रॅट, म्हणजे फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार. त्याची ती प्रसिद्ध १९५७ ची स्ट्रॅट आधी फ्री बँडच्या पॉल कॉसॉफची होती. गर्सचीही स्ट्रॅटच. स्मिथ मात्र जॅक्सन, लेस पॉल अशा गिटारी बदलत राहतो. लाकूड वेगळं, पिकअप (तारांचा आवाज उचलणारे) वेगळे, हात वेगळे. तिघांनी एकाच जातीची गिटार घेतली असती तर तुझा चिखल नक्की झाला असता.

वास्कोहून

लेस पॉलमुळे थोडं सुटतं, मान्य. वाऱ्याचं काय करणार?

पेडण्याहून

मी गिटारवाला नाही, घुमटवाला. चवथीला आमच्या वाड्यावर घुमट आरती असते. घुमट (मातीचं चर्मवाद्य), शामेळ (तालवाद्य) आणि कांसाळें (झांजा). आरती सावकाश सुरू होते, चढत जाते आणि शेवटी अशी धावते की नवखा हात मागे पडतो.

माझ्या पुतण्याने मेडनचा तो घोडदौडीचा ठेका ऐकवला. एक लांब, दोन तोकडे, एक लांब, दोन तोकडे. मी मांडीवर वाजवून पाहिला. पुतण्या म्हणाला, "काका, याला ते गॅलॉप म्हणतात." म्हणेनात. गंमत ठेक्यात नाही, तो सोपा आहे. गंमत आहे ती तासभर तो न घसरता धरण्यात. त्यांचा ड्रमवाला निको मॅकब्रेन १९८२ पासून होता आणि पायाला एकच पेडल वापरायचा. मेटलवाले दोन वापरतात म्हणे. २०२३ च्या जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली होती, तरी त्याच मे महिन्यात तो परत स्टेजवर बसला. सत्तरी ओलांडलेला माणूस! तुमचं गिटारींचं भांडण चालू द्या, पण खाली हा नसता तर तिन्ही गिटारी तीन दिशांना गेल्या असत्या.

काणकोणहून

स्मिथला गळ टाकून मासे पकडायचा भारी नाद आहे, पुस्तकही लिहिलंय त्यावर. आमचा माणूस तोच. बाकी वाद तुम्ही मिटवा.

डिचोलीहून

२००९, १५ फेब्रुवारी, बेंगळुरूच. मुलाला एकटं सोडायचं नाही म्हणून गेलो. मला भजनाची आवड, रॉकशी संबंध शून्य. कापूस खिशात ठेवला होता.

काय ऐकलं ते प्रामाणिकपणे सांगतो. पहिला अर्धा तास नुसता गोंगाट. मग एका ठिकाणी दोन गिटारी एकत्र चालल्या, आणि मला एकदम जागा सापडली. पुढे प्रत्येक गाण्यात मी ती जोडी कधी येते त्याची वाट बघत होतो. मुलगा उड्या मारत होता आणि मी मान डोलवत होतो. तिसरी गिटार मला वेगळी अशी ऐकू आली नाही, हे वास्कोवाल्यांच्या बाजूने लिहून ठेवा. पण मडगाववाल्यांचं वाचून आता वाटतं, ती ऐकू येण्यासाठी नसेलच.

कापूस नंतर मुलाने वापरला.

फोंड्याहून

डिचोलीकर काकांनी नेमकं सांगितलं. गर्सबद्दल लिहायचं राहिलं होतं, ते आता लिहीत नाही. फक्त एक: २००७ ला माझा मित्र पूर्णवेळ गर्सकडेच बघत होता, आणि परतीच्या बसमध्ये त्याला एकही सोलो आठवत नव्हता. तो अजून म्हणतो, आयुष्यातला सर्वात भारी कार्यक्रम.

म्हापशाहून

भांडण मिटलं नाही, वाढलंच. बरं आहे. नवीन माणसांसाठी: निको ७ डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोत शेवटचा वाजवून दौऱ्यांमधून निवृत्त झाला. २०२५ मध्ये बुडापेस्टपासून सुरू झालेल्या पन्नाशीच्या दौऱ्यात ड्रमवर सायमन डॉसन आहे, हॅरिसच्या ब्रिटिश लायन बँडमधला. गिटारवाले तेच तिघे. नव्या ड्रमवाल्याबरोबर कोणी परदेशात ऐकलं असेल तर पेडण्याच्या काकांसाठी अवश्य लिहा.

आणि मडगावच्या भाऊंना प्रश्न: माझ्या भाचीने कला अकादमीत गिटार सुरू केली आहे. मेडनचं काय आधी शिकू?

मडगावहून

सोलो नको. एक मैत्रीण शोधायला सांगा. एकीने सा वरून धून वाजवायची, दुसरीने तीच कोमल गंधारावरून, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ऐंशीवर. दोघींच्या तारा एकाच वेळी ओढल्या जाईपर्यंत वेग वाढवायचा नाही. कंटाळा येईल, येऊ दे. तिसरी मिळाली तर तिला फक्त ताल द्या, आणि ती उड्या मारायला लागली तर मारू द्या.