आधी ओल बघा, मग दगड
ताई, दगडी भिंतीसारखी दिसणारी फोमची शीट बाहेरच्या भिंतीला आतून चिकटवू का, असं विचारलंत. नको. घोडबंदरच्या आमच्या घरात पावसाळ्यात शीटमागे बुरशी धरली होती. आधी हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवा. मागे दव दिसलं तर काम थांबवा.

भिंत कोरडी असेल तर पुट्टीचेच दगड करा, स्वस्तात होतं. गडद राखाडी रंग मारा, वाळला की सांध्यांच्या जागी मास्किंग टेप लावा (पट्टी धरून नको, वेडीवाकडीच), वर पुट्टी. फार जाड थापलीत तर तडे जातात. ओली असतानाच टेप ओढा, नाहीतर कडा तुटतात. मी त्याआधी चुरगाळलेली प्लास्टिकची पिशवी दाबली आणि येऊरच्या काळ्या दगडासारखा खडबडीतपणा आला! सुकल्यावर पातळ रंगाचा स्पंज फिरवा.