मऊ प्रकाश म्हणजे खोटेपणा नव्हे

सिनेकलावंतांचे फोटो काढणारे छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष यांच्या फोटोंत सगळेच एकसारखे सुंदर दिसतात, माणूस हरवतो, असं काही जण म्हणतात. मला हे अर्धंच पटतं.

मऊ प्रकाश ही त्यांची खूण होती, हे खरंच. प्रकाशाचा स्रोत मोठा आणि चेहऱ्याजवळ असला की सावलीची कड विरघळते, त्वचेचा खडबडीतपणा कमी जाणवतो. पण त्या प्रकाशात डोळे बघा. नजर ताठरलेली नसते, कॅमेऱ्याची भीती नसते. ही लाइटची करामत नाही. समोरचा माणूस त्यांच्याजवळ निर्धास्त असायचा, आणि ते मिळवणं मला सगळ्यात अवघड वाटतं. एकदा शेजारच्या आजींचा फोटो काढताना माझा अख्खा तास गेला, तरी त्यांचे खांदे सैल झाले नाहीत.

'लिंटास'सारख्या जाहिरात कंपनीत त्यांनी बरीच वर्षं काढली. चेहरा आकर्षक कसा मांडायचा, ही नजर तिथे नक्कीच घडली असणार. (शिक्षण मात्र रसायनशास्त्राचं!) शिवाय ते मराठीत लिहायचेही. ज्यांचे फोटो काढले त्यांच्याविषयी आत्मीयतेने लिहिणारा छायाचित्रकार माणसाकडे नुसतं कातडं म्हणून बघत नसतो.

१९९७ च्या 'फेसेस' या त्यांच्या फोटोंच्या पुस्तकात दुर्गा खोटेंपासून ऐश्वर्या रायपर्यंतचे चेहरे आहेत. मिळालं तर जरूर चाळा, आणि आधी वयस्कर चेहऱ्यांपाशी थांबा.