गणपती पेठेतील दुकानाचा जुना संगणक: एसएसडी बसवावी की नवा संच घ्यावा?

पेठेतला हिशेबनीस (प्रश्न)

सांगलीच्या गणपती पेठेत आमचे किराणा आणि मसाल्याचे घाऊक दुकान आहे. हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे आणि ई-वे बिले ज्या डेस्कटॉपवर होतात, त्यात इंटेलचा आय थ्री ६१०० प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. सकाळी बटण दाबल्यापासून टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम उघडेपर्यंत समोरचे गिऱ्हाईक ताटकळते आणि त्यातच विंडोज १० ची मुदत संपल्याची सूचना वरचेवर पडद्यावर येते. दुरुस्तीला येणारे गृहस्थ म्हणतात की हे यंत्र भंगारात काढून नवा संच घ्या. धाकट्या भावाच्या मते नुसती रॅम वाढवली तरी भागेल. टॅली, ब्राउझर आणि पावत्यांची छपाई यापलीकडे आमचे काम जात नाही. संगणक दुकानाच्या इन्व्हर्टरवर जोडलेला आहे, तरीही वीज गेली की तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. खर्च नेमका कशावर करावा, याबद्दल जाणकारांनी मत द्यावे.

विश्रामबागकर

आपण वर्णन केलेल्या कामासाठी हा प्रोसेसर आजही कमी पडत नाही. अडथळा हार्ड डिस्कचा आहे. फिरती तबकडी असलेली डिस्क विखुरलेल्या लहान फायली वाचताना सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास वाचने करू शकते, तर साध्यातली साधी साटा जोडणीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपांवर माहिती साठवणारी डिस्क) हेच काम हजारोंच्या संख्येने करते, आणि विंडोज सुरू होणे किंवा टॅली उघडणे म्हणजे बहुतांशी अशाच लहान फायलींचे वाचन असते. त्यामुळे नुसती रॅम वाढवून सकाळची खोळंबा करणारी मिनिटे फारशी कमी होणार नाहीत. अडीच इंची साटा एसएसडी २५० जीबीच्या आसपासची घ्यावी आणि सोबत रॅम ८ जीबी करावी. मात्र रॅम घेण्यापूर्वी जुनी पट्टी काढून तिच्यावरचा मजकूर वाचावा, कारण या पिढीच्या काही मदरबोर्डांवर डीडीआर ४ तर काहींवर डीडीआर ३ एल बसते आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत जात नाही.

पेटी उघडलीच आहे, तर पंखा आणि हीटसिंक ब्लोअरने साफ करून घ्यावेत. मसाल्याच्या दुकानात हळद-मिरचीची बारीक पूड तिथे किती साचते, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

मिरजकर

विश्रामबागकरांचे निदान बरोबर आहे, पण त्यांनी विंडोजचा प्रश्न बाजूला ठेवला आणि दुकानाच्या बाबतीत तोच मोठा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अद्यतनांची जी सोय दिली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आपला सहाव्या पिढीचा आहे. त्याच बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर बसवू, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये, कारण सॉकेटचा आकार सारखा दिसला तरी बोर्डावरच्या त्या जुन्या चिपसेटवर, म्हणजे नियंत्रक चिपांवर, तो चालत नाही. अट चुकवून विंडोज ११ टाकून देणारेही भेटतात, पण ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे हा प्रकार मला मान्य नाही.

माझ्या मते कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेला, नूतनीकरण केलेला आठव्या पिढीचा संच घ्यावा. तो कोऱ्या संचापेक्षा बराच स्वस्त पडतो. घेताना ‘आय फाइव्ह आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. आय फाइव्ह २४०० हाही आय फाइव्हच आहे आणि तो २०११ सालचा आहे; आपल्याला ८४०० किंवा ८५०० असा आकडा हवा. दुकानातच टीपीएम डॉट एमएससी ही आज्ञा चालवून २.० दिसते का पाहावे आणि वॉरंटी लेखी घ्यावी.

विश्रामबागकर

मिरजकरांचा आक्षेप मान्य आहे, तरी एक गोष्ट मांडतो. आज घेतलेली एसएसडी पुढच्या यंत्रात जशीच्या तशी वापरता येते, त्यामुळे तो खर्च वाया जात नाही. रॅमचे तसे नाही, म्हणून संच बदलायचे ठरत असेल तर तेवढी खरेदी थांबवावी.

कुपवाडचा वीजतंत्री

इन्व्हर्टर असूनही संगणक बंद पडतो, याचे कारण बहुधा इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूच्या कळीत आहे. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरवर दोन पद्धती असतात. साध्या पद्धतीत तो विजेचे मोठे चढउतार चालवून घेतो, पण बॅटरीवर जायला वेळ लावतो. पंख्या-दिव्यांना ते चालते, संगणकाच्या एसएमपीएसला, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला, चालत नाही. ‘यूपीएस’ असे लिहिलेल्या बाजूला कळ केली की हा बदल काही मिलिसेकंदांत होतो. आधी तेवढे करून पाहावे. त्याला पैसा लागत नाही.

तरीही भागले नाही, तर ६०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस संगणकापुरता वेगळा घ्यावा. तो सुमारे ३६० वॉट भार पेलतो, म्हणजे असा डेस्कटॉप आणि मॉनिटर यांना पुरेसा आहे. लेझर प्रिंटर त्यावर कधीही जोडू नये, कारण छपाईच्या वेळी तो एकदम मोठा भार ओढतो. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, हे खर्चात धरावे. आणि जुन्या पेठेतल्या वायरिंगची अर्थिंग एकदा तपासून घ्यावीच. संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तिथे एसएसडीची चर्चा नंतर.

कृष्णाकाठ

सगळ्यांनी यंत्राबद्दल लिहिले. माहितीबद्दल कोणी विचारले नाही. दुकान गणपती पेठेत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, तिथली धोका पातळी ४५ फुटांची आहे, आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आले. माल वरच्या मजल्यावर हलवताना संगणकाची पेटी टेबलाखाली राहून जाते, हे पेठेतल्यांना सांगायला नको. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात.

म्हणून टॅलीतील बॅकअपची सोय वापरून आठवड्याला एक प्रत पोर्टेबल हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी न्यावी. घरही नदीकाठच्या गावभागात असेल, तर विश्रामबागेकडच्या एखाद्या नातेवाइकाकडे. दर वेळी तारखेचे नवे फोल्डर करावे, नाहीतर नव्या प्रतीने जुनी पुसली जाते आणि बिघडलेली माहितीच तेवढी शिल्लक राहते. दुसरी प्रत ऑनलाइन चढवावी. कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी मात्र एसएसडी किंवा पेनड्राइव्ह वापरू नये, कारण दीर्घकाळ वीज न मिळाल्यास त्यांतली माहिती पुसट होत जाते. आणि वर्षातून एकदा तरी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

पेठेतला हिशेबनीस

सर्वांचा आभारी आहे. इन्व्हर्टरची कळ खरोखरच दुसऱ्या बाजूला होती. नूतनीकरण केलेला संच घेण्याचे ठरवत आहोत आणि तोवर एसएसडी बसवून घेतो. एक शंका उरते: काढलेली जुनी ५०० जीबीची डिस्क बाहेरच्या डबीत घालून तीच बॅकअपसाठी वापरली तर चालेल का?

विश्रामबागकर

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने ती तपासावी. ‘रिअॅलोकेटेड सेक्टर्स’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या, डिस्कचे खराब झालेले भाग मोजणाऱ्या ओळींच्या कच्च्या (रॉ) आकड्यांत शून्याखेरीज काही दिसले, तर ती वापरू नये. शून्य असले तरी तिचे वय पाहता एकमेव प्रत म्हणून नको. नव्या डिस्कच्या जोडीला तिसरी म्हणून खुशाल ठेवावी.