कित्ता कुणाचा आणि कुठवर?

तिरकी_रेघ (धागाकर्ती)

व्हिज्युअल डिझाइनच्या पहिल्या सत्राला शिकवते. 'तुम्हाला प्रेरणा देणारा एक कलाकार किंवा डिझायनर निवडा आणि त्याच्या शैलीत पोस्टर करा' हा अभ्यास बऱ्याच ठिकाणी असतो, मीही इतकी वर्षं देत आले. यंदापासून बंद करावा म्हणते.

काल भिंतीवर तीस पोस्टरं लावली. त्यांतली सात सॉल बास या सिनेमांची पोस्टरं करणाऱ्या अमेरिकन डिझायनरच्या थाटातली. सातही नारिंगीवर काळी, कात्रीने ओबडधोबड कापल्यासारखी माणसं. एका मुलीचा विषय होता रक्तदान, आणि पोस्टरवर हातपाय सुटे झालेला माणूस! बासने १९५९ साली 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर'साठी देहाचे तुकडे मांडले, कारण तो सिनेमा खुनाच्या खटल्याचा. रक्तदात्याचे तुकडे कशाला? विचारलं तर म्हणाली, "मॅम, बासच्या स्टाइलमध्ये आहे ना." तिचं काही चुकलं नाही. मी तेच मागितलं होतं.

पॉल रँडचीही तीच गत. आयबीएमच्या बोधचिन्हाची अक्षरं त्याने १९५६ मध्ये भरीव केली होती, आठ पट्ट्यांचं रूप १९७२ चं. आय चिंचोळा, एम ऐसपैस. या विजोड अक्षरांना एका माळेत ओवायला पट्ट्या कामी आल्या. आमची पोरं एकाच रुंदीच्या तीन अक्षरांवर पट्ट्या ओढतात आणि खाली लिहितात, 'रँडपासून प्रेरित'.

उत्तर आधी हातात द्यायचं आणि गणित विचारायचंच नाही, असं चाललंय हे. मतं हवीत. विरोधी असतील तर ती आधी.

शाईचा_डाग

विरोधच आहे, घ्या.

अभ्यासाला कशाला फाशी देता? बासची आणि रक्तदानाची गाठ पडली तेव्हा कच्चं रेखाटन बघून कुणी हटकलं का नाही, हा खरा प्रश्न. (तो तुम्हालाच आहे, राग मानू नका.)

कित्ता गिरवल्याशिवाय अक्षर वळत नाही. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये जपानी चित्रकार हिरोशिगेची दोन छापचित्रं तैलरंगात उतरवली, एक पावसातल्या पुलाचं आणि एक बहरलेल्या प्लमच्या बागेचं. 'प्रेरित' वगैरे नाही, चक्क नक्कल. बागेच्या चित्रासाठी चौकटी आखून केलेलं त्याचं ट्रेसिंग आजही जपलेलं आहे. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता, पहिल्या सत्रातला पोरगा नव्हे. आणि नक्कल करता करताच त्याने रंग भडक केले, भोवती चौकट काढून दुसऱ्या छापचित्रांवरची जपानी अक्षरं तिच्यात भरली. पुढे त्याच्या चित्रांत जे सपाट रंग आणि ठसठशीत बाह्यरेषा येतात, त्यांचं एक मूळ इथे आहे.

मी अक्षरांत काम करतो. उमेदवारीत माझ्याकडून हेल्वेटिका या इंग्रजी फॉन्टची सगळी वर्णमाला मोठ्या आकारात पेन्सिलीने गिरवून घेतली होती. मनातल्या मनात लाखोली वाहिली. तिसऱ्या दिवशी दिसलं, की ओ तळरेघेवर टेकतच नाही. केसभर खाली उतरतो आणि वरही केसभर डोकावतो. तसा नसता तर एचच्या शेजारी तो बुटका वाटला असता. एसचं वरचं पोट खालच्यापेक्षा लहान असतं. कागद उलटा धरा, अक्षर लगेच डोकं जड झाल्यासारखं दिसतं. पुस्तकात हे सगळं लिहिलेलं असतं आणि मी ते आधी वाचलंही होतं. वाचून काही झालं नव्हतं.

तिरकी_रेघ

हटकायला हवं होतं, मान्य. पण तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. तुम्ही अक्षर गिरवलंत, हेल्वेटिकाच्या 'शैलीत' नवं अक्षर काढायला कुणी सांगितलं नव्हतं. गिरवताना डोळा मूळ वस्तूवर खिळलेला असतो. 'च्या शैलीत' म्हटलं की पोरं आठवणीतला बास काढतात, म्हणजे नारिंगी रंग आणि कात्री.

दुसरं_वर्ष

विद्यार्थ्याची बाजू कुणी विचारत नाहीये म्हणून आगाऊपणा करतोय.

आम्ही बास का निवडतो, खरं सांगू? तो लवकर होतो. रात्री अकराला फाइल उघडली तरी पेन टूलने बारापर्यंत माणूस कापून तयार. आल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराच्या थाटाचं पोस्टर कोण करणार, त्या केसांच्या बटा काढताना पहाट होईल. 'प्रेरणा' या शब्दाखाली आमचं वेळापत्रक दडलेलं असतं.

दुसरं म्हणजे, नावं निवडायला मोकळीक आहे म्हणता, पण स्लाइडवर कायम तेच सहा गाजलेले डिझायनर: बास, रँड, ग्लेझर, म्यूलर-ब्रोकमान, विन्येली, कार्सन. मला ज्यांच्यामुळे या कोर्सला यावंसं वाटलं त्या सुझन केअर. शिक्षण कलेचं, हात शिल्पकामात, कॉम्प्युटरवर चित्र काढण्याचा अनुभव शून्य. अ‍ॅपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरची चिन्हं त्यांनी आधी चौकटींच्या वहीत काढली. ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ घरं, प्रत्येक घर काळं किंवा पांढरं. कमांड कीवरचं ते चार कोपऱ्यांना वेटोळी असलेलं चिन्ह त्यांना चिन्हांच्या कोशात सापडलं. स्वीडनमध्ये ते प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर असतं. आता हे कुणाच्या 'शैलीत' बसवायचं? केअरसारखं पोस्टर मला जमणार नाही, पण चौकटींची वही मी घेतली. गेल्या महिन्यात छत्रीचं चिन्ह १६ गुणिले १६ मध्ये बसवायला दोन संध्याकाळी गेल्या. मूठ काही केल्या वळेना. शेवटी एक घर पुसलं आणि वळली.

ग्रिडवाला

सहाच नावं का, तर ती सहा पक्की आहेत म्हणून. पाया म्हणजे पाया. मी तर म्हणतो यादी आणखी आखडा आणि कार्सनला पहिल्या वर्षी बंदी घाला. पोरं त्याच्याकडून एवढंच शिकतात की वाचता नाही आलं तरी चालतं. विन्येलीचा १९७२ चा न्यूयॉर्क सबवेचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, नकाशा महिनाभर समोर ठेवा. मार्ग सरळ, नाहीतर ४५ किंवा ९० अंशांत वळलेले, प्रत्येक मार्गाला स्वतःचा रंग, प्रत्येक थांब्याला ठिपका. शिस्त काय असते ते कळेल.

शाईचा_डाग

ग्रिडवाले, आपण एकाच पक्षाचे वाटलो होतो!

तो नकाशा १९७९ मध्ये बदलावा लागला, हे पोरांना सांगणार की नाही? आयताकृती सेंट्रल पार्क त्यात जवळजवळ चौरस झाला होता, आणि करड्या रंगात. वर येऊन चालू लागलेल्या माणसाला नकाशातलं शहर आणि पायाखालचं शहर जुळेना. हॅरी बेकनेही १९३३ च्या लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशात भूगोल वाकवलाच होता, तो मात्र टिकला. माझ्या मते त्याचं कारण शहरात आहे. न्यूयॉर्कचे रस्ते आकड्यांचे आणि काटकोनातले, कुठलं ठिकाण कुठे हे लोकांना पाठ, म्हणून चूक चटकन डोळ्यांत खुपते. लंडनच्या वेड्यावाकड्या गल्ल्यांत ती खपून जाते. विन्येलीला भिंतीवर जरूर लावा, पण शेजारी १९७९ चा नकाशाही लावा.

आणि कार्सनबद्दल: 'रे गन' या संगीताच्या मासिकात गायक ब्रायन फेरीची मुलाखत त्याला कंटाळवाणी वाटली म्हणून ती त्याने सगळी चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावली, हे सगळे चघळतात. त्याच अंकाच्या मागच्या पानांवर ती वाचता येईल अशा अक्षरांत छापली होती, हे कुणी सांगत नाही. तेवढं सांगा आणि बंदी उठवा.

कोरा_कागद

सगळे डिझायनरांविषयीच बोलताय. ग्लेझरचं १९६६ चं गायक बॉब डिलनचं पोस्टर घ्या. चेहऱ्याची काळी पार्श्वाकृती मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराच्या १९५७ च्या आत्मचित्रावरून सुचलेली, केसांच्या रंगीत लाटांमागे इस्लामी चित्रकला. आज 'ग्लेझरपासून प्रेरित' काम करणारा द्युशाँच्या सावलीची सावली काढतोय. एक पायरी मागे जायला लावा ना. आणि यान चिहोल्ड हा अक्षरमांडणीवाला निवडणाऱ्याला विचारा, कुठला? १९२८ चा, ज्याने विषम मांडणीचा जाहीरनामा लिहिला तो, की १९४७ पासून पेंग्विन प्रकाशनाची पुस्तकं मधोमध, समतोल, पारंपरिक वळणाने लावणारा? एकाच माणसाच्या दोन उलट शैली.

ग्रिडवाला

चिहोल्डची आठवण काढून दुखवलंत. तो आमचा फितूर.

तिरकी_रेघ

बरं, अभ्यास बंद करत नाही, मोडून पुन्हा बांधते. एकच काम निवडायचं, हाताने गिरवायचं, गिरवताना जे आधी दिसलं नव्हतं ते पाच ओळींत लिहायचं. मग त्या माणसाने ते कुठून उचललं ते शोधायचं. पोस्टर नाही. स्लाइडवरची सहा नावंही काढते.

शाईचा_डाग

पोस्टर नको, हे नाही पटलं. पोस्टर काढून टाकलंत की पाच ओळी शेजाऱ्याच्या वहीतून येतील. गिरवून झाल्यावर स्वतःचं काहीतरी वेडंवाकडं करायची खाज सुटते, ती त्याच दिवशी भागायला हवी. व्हॅन गॉगनेही चौकट वाढवलीच की.

दुसरं_वर्ष

पोस्टर ठेवा, पण वर्गातच करायला लावा. रात्री अकराची सोय बंद करा. (हे मी लिहिलंय असं माझ्या वर्गाला सांगू नका.)

तिरकी_रेघ

ठेवते. वर्गात, कागद आणि कात्रीने.

रक्तदानवाली आज पुन्हा आली होती, तसाच काळा कागद कापून. बास सोडणार नाही म्हणते. सुटा हात तसाच सुटा आहे, फक्त आता तो दुसऱ्याच माणसाच्या खांद्याला लावलाय. जोड नीट बसत नाही, मध्ये बोटभर फट राहते. ती फट बुजवायची की ठेवायची यावर आमचं अर्धा तास वाजलं.

ग्रिडवाला

नारिंगी तरी बदलला का?

तिरकी_रेघ

नाही.