मदत हवी आहे: ओट्यावर वरच्या कपाटाखाली लाइट, एलईडी स्ट्रिप की टी-५ (बारीक ट्यूबसारखी बॅटन)?

ओटा_जुळेसोलापूर:
ओटा ८ फुटी, काळा पॉलिश ग्रॅनाइट. मधे चिमणी २ फूट, तिच्या डावीकडे ४ फूट आणि उजवीकडे २ फूट कपाट. ओट्यापासून कपाटाचा तळ २२ इंच वर, कपाटाची खोली १२ इंच, १८ एमएमचं प्लाय. छताची ट्यूब पाठीमागे येते, त्यामुळे भाजी चिरताना, भाकरी थापताना स्वतःचीच सावली पुढ्यात. सुतार म्हणतो रोलवाली स्ट्रिप चिकटवून अॅडॅप्टर कपाटात टाकू. तसं करावं का? रंग कोणता? लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालेल ना?

पंधरा_अँपिअर:
नुसती स्ट्रिप प्लायला चिकटवू नका ताई. वाफेनं आणि तेलानं मागचा डिंक सुटतो आणि पट्टी लोंबते. शिवाय उष्णता निघायला धातू नसला की एलईडी लवकर मंद होतात. अॅल्युमिनियम प्रोफाइल (पट्टी बसवायची खाच) आणि दुधी डिफ्यूझर (उजेड पसरवणारं झाकण) घ्याच. प्रोफाइल क्लिपांवर बसतं. क्लिपांना १२ एमएमचे स्क्रू मारा. २० एमएमचे मारले तर कपाटाच्या आत टोकं निघतील.

तुमच्या ग्रॅनाइटला साधी स्ट्रिप नकोच. पॉलिश केलेल्या काळ्या दगडात एकेक एलईडीचा ठिपका आरशासारखा दिसतो. सीओबी (एलईडी एकमेकांना खेटून बसवलेली) पट्टी घ्या, तिची रेघ अखंड दिसते. १२ व्होल्ट, मीटरला १० वॉटच्या आसपास, रंग ४००० केल्विन, सीआरआय (वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० पैकी) ९०. ६५०० च्या निळसर पांढऱ्यात आमटीचा रंग मेल्यासारखा दिसतो, ३००० च्या पिवळ्यात कोथिंबीर पिवळी पडलीय की नाही ते कळत नाही.

जागा: कपाटाच्या पुढच्या कडेला, ४५ अंशाचं प्रोफाइल, तोंड भिंतीकडे. भिंतीलगत लावलं की उजेड सगळा टाइल्सवर पडतो, चकाकी मारते आणि तेलाचे डाग तेवढे उठून दिसतात. पुढे दीड इंचाची पट्टी सुताराकडून मारून घ्या, नाहीतर खुर्चीत बसलेल्याच्या डोळ्यात थेट उजेड जाईल.

ओटा_जुळेसोलापूर:
दोन तुकडे जोडायचे कसे? मधे चिमणी आहे. आणि अॅडॅप्टर किती अँपिअरचा?

पंधरा_अँपिअर:
६ फूट म्हणजे १.८३ मीटर, साधारण १८ वॉट, १२ व्होल्टवर दीड अँपिअर. ड्रायव्हर (म्हणजे तुमचा अॅडॅप्टर) कायम पूर्ण भारावर चालवू नये, म्हणून ३ अँपिअरचा (३६ वॉट) घ्या. दोन्ही तुकड्यांना ड्रायव्हरपासून वेगवेगळी वायर, ०.७५ स्क्वेअर एमएम. उजव्या तुकड्याची वायर कपाटाच्या माथ्यावरून, चिमणीच्या पाइपापासून लांबून न्या. ३ मीटर गेली तरी ०.५ अँपिअरला व्होल्टेज ०.१ सुद्धा पडत नाही.

पट्टी फक्त छापलेल्या खुणेवरच कापा. क्लिपवाले जोड वाफेनं ढिले होतात, मग अर्धी पट्टी मिणमिणते. डाग देऊन (सोल्डर करून) वर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. जोडावर सिलिकॉन भरायचं असेल तर व्हिनेगरचा वास येणारं नको, त्यातलं अॅसिड तांबं खातं. न्यूट्रल सिलिकॉन मागा. डिफ्यूझरवर मात्र सिलिकॉन अजिबात नको, तो काढून साबणाच्या पाण्यानं धुता आला पाहिजे. ज्वारीचं पीठ आणि तेलकट वाफ यांचा थर त्यावर बसणारच. पट्टीचं चिमणीकडचं टोक ४-५ इंच आधीच थांबवा.

नवीपेठ_४१३:
एवढा खटाटोप कशाला? २ फुटी टी-५ बॅटन १० वॉटच्या मिळतात. डावीकडे दोन, उजवीकडे एक. थेट २३० व्होल्ट, ड्रायव्हर आतच. भाड्याचं घर असेल तर हेच बरं.

पंधरा_अँपिअर:
चालेल, पण बॅटनचा ड्रायव्हर गेला की अख्खी बॅटन बदलावी लागते, आणि २३० व्होल्टचा जोड ओल्या हाताच्या टप्प्यात येतो. सिंककडे तरी ती लावू नका.

वायरिंग_होटगीरोड:
ड्रायव्हरचं कुणी नीट बोललं नाही. बंद कपाटात डब्यांमागे किंवा गॅसच्या वर ठेवायचा नाही. सोलापूरच्या मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असतं, छताजवळ कपाटाच्या माथ्यावर त्याहून जास्त, आणि ड्रायव्हरमधले कपॅसिटर उष्णतेनंच जातात. डावीकडच्या कपाटाच्या माथ्यावर, भिंतीपासून दोन बोटं सोडून, उघडा ठेवा. वर ‘टीए ५०’ (भोवतालचं ५० अंश तापमान चालतं) किंवा जास्त छापलेलं बघून घ्या.

मिक्सरच्या सॉकेटातून लाइन ओढू नका. वेगळा स्विच, १ स्क्वेअर एमएम वायर. इन्व्हर्टरवर १८ वॉटचा भार काहीच नाही. पण फेज इन्व्हर्टरच्या सर्किटचा घेतला तर न्यूट्रलही त्याच सर्किटचा घ्या. फेज एकीकडचा, न्यूट्रल दुसरीकडचा झाला की आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा, गळती झाली की वीज तोडणारा स्विच) उडते. मग वायरमन आरसीसीबीलाच दोष देऊन ती काढून टाकायला सांगतो. काढू देऊ नका.

ओटा_जुळेसोलापूर:
हात हलवून लागणारा सेन्सर घेऊ का? पीठाच्या हातानं स्विच नको वाटतो.

पंधरा_अँपिअर:
घ्या, पण १२ व्होल्टच्या बाजूला, डाव्या टोकाला, गॅसपासून जितका लांब बसेल तितका. पातेल्याच्या वाफेनं तो आपोआप लागतो-विझतो. भिंतीवरचा स्विचही ठेवा.