अनुभव धागा: करात कोणता खर्च धरला गेला, कोणता नाही?

वडील ७८ वर्षांचे. या वयात त्यांचा आरोग्य विमा उतरवायला कोणी तयार होईना. गेल्या वर्षी डॉक्टर, तपासण्या, औषधं मिळून ४६,००० रुपये गेले. पावती न् पावती फाइलला लावली होती. विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांचा असा खर्च आयकराच्या ८०डी कलमाखाली ५०,००० पर्यंत उत्पन्नातून वजा धरता येतो, हे मला ठाऊक होतं. सीएंनी फाइल चाळली आणि विचारलं, "ताई, पैसे कसे दिलेत?" सगळे रोख! रोखीतला वैद्यकीय खर्च तिथे चालत नाही. माझ्या २० टक्क्यांच्या टप्प्यात साडेनऊ हजारांचा कर त्यामुळे वाचला नाही. फार लागलं मनाला, कारण पैसे खरोखरच वडिलांसाठी गेले होते.

तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा. कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत आणि जुनी करप्रणाली गृहीत धरली आहे. आपण जुनी की नवी घेतली, हेही सांगा.

नाशिक, दोन मुलांची आई
शाळेची ६२,००० ची पावती मी अख्खी ८०सी मध्ये (बचत, मुलांची शिकवणी फी वगैरेंच्या वजावटीचं कलम) दाखवली होती. ऑफिसने परत पाठवली. त्यातली शिकवणी फी फक्त ३८,०००. बस, विकास निधी, स्नेहसंमेलन धरत नाहीत. आता शाळेकडून फीची फोड लिहून घेते.

पुणे, इंटिरिअर डिझायनर
नोकरीत असताना कामासाठी स्वतःच्या पैशाने ५८,००० चा लॅपटॉप घेतला, साइटवर जायला पेट्रोल जाळलं. पगारदाराला यातलं काहीच वजा मिळत नाही. ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कराचे २,५००, एवढंच.

स्वतःचं काम सुरू केल्यावर चित्र पालटलं. ऑफिसचं भाडं, मदतनिसाचा पगार, वीज सगळं खर्चात. लॅपटॉपवर ४० टक्के घसारा (वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट). मोबाइल आणि स्कूटर घरीही वापरते, म्हणून त्यांचा कामापुरताच वाटा धरला. पण ऑफिसच्या रंगकामाचे २८,००० रंगाऱ्याला एका दिवशी रोख दिले आणि तो खर्च बाद झाला. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका, अगदी कळकळीने सांगते.

पुढे ४४एडीए घेतलं. माझी वर्षाची फी ९ लाख, प्रत्यक्ष खर्च ३ लाखांच्याही आत. या कलमात निम्मी फी नफा धरतात, म्हणून मला ते परवडलं. मात्र मग भाडं, घसारा वेगळा मागता येत नाही.

कोल्हापूर
मुलीच्या शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलं, थोडे पैसे मेहुण्यांकडूनही घेतले. दोघांनाही व्याज देतो. बँकेचं व्याज ८०ई मध्ये पूर्ण धरलं गेलं, त्याला रकमेची मर्यादा नाही, आठ वर्षं मिळतं. मेहुण्यांना दिलेलं व्याज नाही. मुद्दलही नाही.

डोंबिवली
घर वडिलांच्या नावावर, मी त्यांना दरमहा १२,००० भाडं देतो आणि पगारातल्या घरभाडे भत्त्यावर करसवलत घेतो. बँकेतून देतो, करारही केलाय. वर्षाला एक लाखाच्या वर जातं म्हणून त्यांचा पॅन द्यावा लागला. ते भाडं त्यांच्या उत्पन्नात दाखवतात आणि त्यांना ३० टक्के वजावट मिळते. नुसतं कागदोपत्री भाडं दाखवू नका, कृपया.

सातारा
माझ्या भावाला अपंगत्व आहे, तो माझ्यावरच अवलंबून आहे. ८०डीडी मध्ये ७५,००० ची ठरलेली वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर १,२५,०००. औषधपाण्याला कमी गेले तरी रक्कम तीच. प्रमाणपत्र मात्र हवं. मला हे चार वर्षं कोणी सांगितलंच नाही.

ठाणे
नवी प्रणाली घेतली. गृहकर्ज नाही, घरभाडं नाही. ७५,००० ची प्रमाणित वजावट पुरली. २०२३-२४ पासून न सांगितल्यास नवीच लागू होते, तेव्हा जुनी हवी असेल तर मुदतीत विवरणपत्र भरा.

धागा सुरू करणारी
सातारकर, भावाबद्दल लिहिलंत, आभार. माझ्या मावशीकडे हीच परिस्थिती आहे, आजच कळवते. आमच्या औषधवाल्याला मी आता माझ्या खात्यातून यूपीआयने पैसे देते आणि पावतीवर बाबांचं नाव घालून घेते.